भाव बांधला, पण कोणाला बांधला?

(पाड्यावर जमून मोठ्याने वाचून दाखवावे. बायांना आणि म्हाताऱ्यांना पुढे बसवावे.)



भात कापणीला आले की दरवर्षी एक बोलणे ऐकू येते. शिकलेली माणसे सांगतात, सरकारने भावात हात घालू नये. भाव बांधला की व्यापारी येत नाही, चढाओढ होत नाही, बाजार मरतो. बाजार मोकळा सोडा, दहा व्यापारी येतील, एकमेकांवर चढून भाव देतील, आदिवासीचे भले होईल. २०२० साली केंद्र सरकारने शेतीचे तीन कायदे आणले तेव्हा हेच सांगितले होते. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात ते कायदे मागे घ्यावे लागले. कायदे गेले. बोलणे काही गेले नाही.

दुसरीकडे कचेरीतले लोक. त्यांच्याकडे गेलो तर म्हणतात, हमीभाव जाहीर केला आहे, छापून आला आहे, आता तुमची तक्रार कसली?

आम्हाला दोघांनाही उत्तर द्यायचे आहे. आमचे म्हणणे एवढेच की भाव बांधायलाच पाहिजे, पण बांधलेल्या भावाची दोरी कोणाच्या गळ्यात आहे ते बघायला पाहिजे. घेणाऱ्याला बांधले तर आपले पोट भरते. विकणाऱ्यालाच बांधले आणि घेणारा मोकळा राहिला, तर तो भाव नव्हे, फास आहे.

चढाओढ कोणाच्यात चालते?

चढाओढ म्हणजे काय ते आधी बघू. माल घेणारे चार असावेत आणि त्यांचे आतून सूत नसावे. विकणाऱ्याला थांबता यावे, म्हणजे आज भाव पटला नाही तर माल घरी नेऊन पुढच्या बाजाराला परत आणता यावा. काटा खरा असावा. दुसऱ्या बाजारात काय भाव चालला आहे ते कळावे. या चार गोष्टी असल्या तर चढाओढ होते. त्यातली एकही नसली तर बाजार मोकळा असून काही उपयोग नाही.

आता मनोर, कासा, विक्रमगड, जव्हार, तलासरी, कुठल्याही आठवडे बाजारात उभे राहून बघा. पहिल्या दुकानात उडदाचा एक भाव सांगतात. दुसऱ्यात तोच. तिसऱ्यात गेलो की शेठ हसतो, "फिरून काय करशील? सगळीकडे हाच भाव." त्याला कसे कळले सगळीकडे हाच भाव ते? सकाळीच ठरवून ठेवला म्हणून कळले.

आणि थांबायचे कोणी? डोक्यावर गोणी आणली, गाडीभाडे दिले, घरात मीठ-तेल-मिरची नाही, पोराला ताप आहे. गोणी परत न्यायची तर परत भाडे. दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो. जायच्या आधी माल काढावाच लागतो. शेठला हे सगळे ठाऊक असते. त्याला घाई नसते. भात त्याच्या गोदामात सहा महिने पडून राहील, आपल्या घरात सहा दिवस राहत नाही.

बोईसरच्या नाक्यावर सकाळी कामाला उभे राहणाऱ्यांना विचारा. तारापूर एमआयडीसीत आणि बांधकामावर जाणारे चाळीस जण उभे असतात, मुकादम येतो आणि म्हणतो, सहा पाहिजेत. मग चढाओढ सुरू होते खरी, पण कोणाच्यात? आमच्या आमच्यात. एक म्हणतो पाचशेला येतो, दुसरा म्हणतो साडेचारशेला येतो. मुकादम गप्प उभा राहतो, त्याला बोलायचीही गरज पडत नाही. भाव आपोआप खाली येतो.

म्हणजे विकणारे आपसात झगडतात आणि घेणारे आपसात ठरवतात. याला मोकळा बाजार म्हणतात. मोकळा आहे, पण एकाच बाजूने.

कायदा यावर काय म्हणतो?

आपल्याला वाटते, व्यापाऱ्यांनी मिळून भाव ठरवला तर त्याला कोण काय करणार. पण देशात त्यासाठी कायदा आहे. त्याचे नाव स्पर्धा कायदा, साल २००२. त्याचे कलम ३ सांगते की धंदा करणाऱ्यांनी आपसात ठरवून खरेदीचा किंवा विक्रीचा भाव बांधला, तर तो करार बेकायदा. "तू तलासरी घे, मी कासा घेतो" अशी बाजाराची वाटणी केली तर तीही बेकायदा. लिलावात आतून ठरवून बोली लावली तर तेही बेकायदा. कलम ४ सांगते की ज्याच्या हातात बाजार आहे त्याने जोरावर अन्यायाचा भाव लादायचा नाही. दिल्लीला स्पर्धा आयोग बसतो आणि कलम १९ प्रमाणे कोणीही माणूस किंवा संघटना तिथे फी भरून माहिती देऊ शकते.

या आयोगाने २०१२ साली अकरा सिमेंट कंपन्यांवर सहा हजार कोटींहून जास्त दंड लावला. आरोप हाच, की आपसात ठरवून भाव चढवला. कंपन्या कोर्टात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षे चालले. त्यांना वकील परवडतात. मनोरच्या बाजारातला उडदाचा भाव बघायला दिल्लीहून कोणी येणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. तरी ही गोष्ट सगळ्यांना सांगायची ती अशासाठी, की जे लोक आम्हाला चढाओढीचे धडे देतात त्यांच्याच कायद्यात लिहिले आहे, घेणाऱ्यांचे संगनमत म्हणजे चढाओढीचा खून. सरकारी हमीभावाने बाजार बिघडतो म्हणणाऱ्यांनी आधी शेठ लोकांच्या सकाळच्या ठरावाबद्दल बोलावे.

आणखी एक गोष्ट. या कायद्यातून सरकारसुद्धा सुटत नाही. अणुऊर्जा, चलन, संरक्षण, अंतराळ अशी राज्य चालवायची कामे बाहेर ठेवली आहेत. पण सरकार धंदा करत असेल तर त्याला कायदा लागतो. कोळशाचा सरकारी मक्ता कोल इंडियाकडे होता. कंपनी म्हणाली, आमचा मक्ता कायद्याने दिलेला आहे, स्पर्धा कायदा आम्हाला लागत नाही. १५ जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितले, लागतो. मक्ता सरकारचा असला म्हणून मनाला येईल तसे वागता येत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे याची गरज पडेल.

भाव बांधा, ही मागणी आमच्या आजोबांची

भाव बांधणे हे दिल्ली-मुंबईच्या साहेबांच्या डोक्यातून आलेले नाही. आपल्याच मुलखात, तलासरी-डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात, १९४५ साली वारली उठले तेव्हा पहिली गोष्ट वेठ मोडली आणि दुसरी गोष्ट मजुरीचा भाव मागितला. २३ मे १९४५ ला झरीला परिषद झाली. गोदावरीबाई आणि शामराव परुळेकर लाल बावटा घेऊन पाड्यापाड्यातून फिरत होते. मुंबईच्या तबेल्यांना जाणारे गवत आमचेच लोक कापत होते. मागणी होती, पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. पुढच्या वर्षी जंगलकामाला दिवसाला सव्वा रुपया मागितला.

तेव्हाही बाजार मोकळाच होता की. सावकार वेगळे, जमीनदार वेगळे, जंगलाचे ठेकेदार वेगळे. म्हटले तर घेणारे पुष्कळ. पण मजुरी देताना सगळ्यांचा हात एकाच ठिकाणी अडकत होता. लग्नाच्या कर्जात जन्मभर गडी म्हणून राबणारा माणूस कुठल्या दुसऱ्या मालकाकडे जाणार होता? त्याला चढाओढ कुठून मिळणार होती? म्हणून आजोबांनी ठरवले की एका भावाखाली कोणीच विळा उचलायचा नाही. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. अडीच रुपयांच्या भावामागे रक्त आहे, हे हमीभावाला नावे ठेवणाऱ्यांनी विसरू नये.

पुढे १९४८ ला किमान वेतन कायदा आला. म्हणजे मजुरीला जोतं बांधले. घराला जोतं असते कशाला? पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून. बाहेर कितीही पाणी चढो, जोत्याच्या वर येत नाही. किमान भाव तसाच. चढाओढ कितीही होवो, त्या रेघेच्या खाली नाही. आणि १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट बोलले की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणे म्हणजे वेठबिगार. माणूस राजीखुशीने आला असे म्हणता येणार नाही, कारण भुकेने त्याला तिथे आणले.

आता आम्ही विचारतो. जोत्याखालची मजुरी जर वेठ, तर जोत्याखालचे भात काय? भातातसुद्धा आमचीच मजुरी आहे. राब भाजला, पेरणी केली, गुडघाभर चिखलात आवणी केली, कापले, झोडले. ते भात हमीभावाखाली घेणारा शेठ वेठ घेत नाही तर काय करतो?

एकाच घेणाऱ्याचा कायदा

आता १९७६ चा कायदा बघू. महाराष्ट्र आदिवासी आर्थिक स्थिती सुधारणा कायदा. तो का आला ते म्हाताऱ्यांना विचारा. पालेमोड म्हणतात ती पद्धत होती. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की सावकाराकडून धान्य उचलायचे आणि पीक निघाले की त्याच्याच दारात नेऊन घालायचे, त्याच्या मापाने, त्याच्या भावाने. पीक शेतात उभे असतानाच विकलेले असायचे. तिथे भाव विचारायलाही तोंड नव्हते.

सरकारने ठरवले की आदिवासी भागात ठरवून दिलेला शेतमाल आणि गौण वनोपज खासगी व्यापाऱ्याने घ्यायचाच नाही. घेणार फक्त सरकार. सरकारच्या वतीने आदिवासी विकास महामंडळ, जे १९७२ ला स्थापन झाले होते, आणि गावपातळीला आदिवासी विविध कार्यकारी सोसायट्या. हीच एकाधिकार खरेदी. पावसाळ्यात सावकाराकडे जावे लागू नये म्हणून जोडीला खावटी कर्ज.

हेतू चांगला होता, त्यात वाद नाही. सावकाराला एका फटक्यात बाहेर काढायचे होते. पण कायद्याची बांधणी बघा. घेणारा एकच ठेवला. तो वेळेवर आला, खरा काटा लावला, हातात रोख दिले, तर सावकार मेला. पण तो एक घेणारा उशिरा आला, किंवा आलाच नाही, तर काय? दुसऱ्याला विकायची सोय कायद्याने बंद. मग व्यापारी येतो तो चोरून, अंधारात, मागच्या दाराने. चोरीचा धंदा म्हटला की पावती नाही, काटा तपासायला कोणी नाही, तक्रारीला जागा नाही. "तक्रार केलीस तर तूच अडकशील," असे सांगायला तो मोकळा. जास्त भाव द्यायला तयार असलेला नेकीचा व्यापारी असलाच, तर तो कायद्याला भिऊन लांब राहतो. कायदा मोडणारा तेवढा आत येतो.

म्हणून मोकळ्या बाजाराची बाजू घेणाऱ्यांचे एक म्हणणे आम्ही मान्य करतो. भाव बांधून घेणारे कमी केले तर चढाओढ मरते, हे खरे आहे. पण त्यांनी त्यावरून काढलेला अर्थ आम्हाला मान्य नाही. ते म्हणतात, भाव सोडून द्या. आम्ही म्हणतो, भाव घट्ट धरा आणि घेणारे वाढवा. जोतं आणि दार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दार बंद झाले म्हणून जोतं खणून काढायचे नसते.

हमीभाव कागदावर, भात शेठकडे

आता भाताकडे या. २०२४-२५ च्या हंगामाला साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. समजा, एका घराचे दहा क्विंटल भात विकायला निघाले. हमीभावाने २३,००० रुपये. शेठने समजा १,७०० ने घेतले तर १७,०००. एका घराचे सहा हजार गेले. पाड्यावर साठ घरे असतील तर तीन लाख साठ हजार. सहा हजार म्हणजे एका माणसाचा भट्टीवरचा किती दिवसांचा घाम, तो हिशेब ज्याने त्याने करावा.

हमीभाव असून असे का होते? कारण हमीभावाने शेठला कुठेच बांधलेले नाही. किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणे गुन्हा आहे. हमीभावापेक्षा कमी भावाने भात घेणे गुन्हा नाही. हमीभाव म्हणजे सरकार स्वतः घेईल तेव्हा काय देईल तेवढेच. २०१८ च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने हमीभावाखाली घेणाऱ्या व्यापाऱ्याला शिक्षा करायचे मनावर घेतले होते. व्यापाऱ्यांनी खरेदी बंद केली आणि सरकारचा आवाज खाली आला. बघा, व्यापारी एकी करून थांबू शकतात. आम्ही थांबू शकत नाही. फरक एवढाच आहे.

मग सरकारी केंद्रावर जावे, तर तिथे काय पाहिजे? नोंदणी पाहिजे. सातबारा पाहिजे, त्यावर भाताची नोंद पाहिजे. आधार, बँकेचे खाते पाहिजे. ज्याच्या वनपट्ट्याचा दावा अजून पडून आहे, त्याने सातबारा कुठून आणायचा? दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने करतो, त्याने कुठून आणायचा? जमिनीचा हक्क आणि मालाचा भाव हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी इथे थांबून विचार करावा. जमीन नावावर नाही म्हणून भाव मिळत नाही. भाव मिळत नाही म्हणून कर्ज होते. कर्ज झाले की हातात आहे तीही जमीन गहाण पडते.

सरकारी हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो असे कागदावर आहे. हळवे भात त्याच सुमाराला निघते. केंद्र डिसेंबरात उघडले तर त्याचा फायदा ज्याच्या घरात साठवायला जागा आहे त्याला, म्हणजे बहुतेक वेळा शेठलाच. तोच आपले भात कोणाच्या तरी सातबाऱ्यावर चढवून हमीभाव घेऊ शकतो. आपण तोवर भट्टीवर.

ही एकट्या पालघरची गोष्ट नाही. केंद्र सरकारनेच नेमलेल्या शांताकुमार समितीने २०१५ साली सांगितले की देशातल्या शंभरातल्या फक्त सहा शेतकऱ्यांचा माल हमीभावाने सरकारी खरेदीत जातो. बिहारने २००६ साली बाजार समित्यांचा कायदाच रद्द केला, बाजार पूर्ण मोकळा केला. तिथल्या शेतकऱ्याला सोन्याचे दिवस आले काय? तिथेही भात हमीभावाखालीच विकावे लागते. नुसता मोकळा बाजार आणि नुसता कागदावरचा भाव, दोन्हीचा शेवट शेठच्याच गोदामात होतो.

त्यांच्या कामाचे बांधलेले भाव

सरकारने भाव बांधला की बाजार बिघडतो, हे फक्त आमचा माल आला की आठवते.

तारापूरला अणुवीज केंद्र १९६९ पासून चालते. त्या विजेचा भाव कोण ठरवतो? बाजार नाही ठरवत. केंद्र सरकार ठरवते. त्याबद्दल कोणी रडत नाही. औषधांच्या किमतीला सरकारने छप्पर घातले आहे, त्याच्या वर विकायचे नाही. ते आम्हाला चांगले वाटते, कारण दवाखान्यात आम्ही घेणारे आहोत. घेणारा गरीब असेल तर वरून छप्पर पाहिजे, विकणारा गरीब असेल तर खालून जोतं पाहिजे. एवढे साधे आहे.

आणि जमीन? कारखान्याला, धरणाला, रस्त्याला जमीन पाहिजे झाली की मोकळा बाजार कुठे जातो? २०१३ पर्यंत इंग्रजांचा १८९४ चा भूसंपादन कायदा चालला. त्यात विकणाऱ्याला 'नाही' म्हणायची सोय नव्हती. भाव सरकार ठरवणार, आजूबाजूच्या खरेदीखतांवरून. आमच्या भागात खरेदीखते किती होतात? झाली तरी किती रुपयांची दाखवतात? त्यावरून आमच्या जमिनीचा भाव बांधला गेला. तिथे कोणी म्हणाले नाही, की दहा कंपन्यांना बोलवा, चढाओढ होऊ द्या, आदिवासी ज्याला हवी त्याला जमीन देईल.

आता उलटे काय सांगतात ते ऐका. जमीन महसूल कायद्याच्या कलम ३६अ मुळे, १९७४ पासून, आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. म्हणतात, ही अट काढा, तुमच्या जमिनीला मुंबईचा भाव येईल. येईलही. एकदा येईल. त्या पैशाची मोटारसायकल येईल, पोराचे लग्न होईल, आणि पुढच्या वर्षी बोईसरच्या नाक्यावर चाळीसचे एकेचाळीस होतील. बेडकाला सापाशी मोकळी कुस्ती खेळायला सांगणे याला आम्ही स्वातंत्र्य म्हणत नाही. ३६अ ही बाजारावरची बंदी आहे, आणि ती आम्हाला पाहिजे, कारण तिने घेणाऱ्याला बांधले आहे.

ग्रामसभेने भाव बांधला तर?

मग घेणारे वाढवायचे कसे, आणि जोतंही टिकवायचे कसे? याचे उत्तर आपल्याच राज्यात गडचिरोलीने दिले आहे.

वनहक्क कायदा २००६, कलम ३(१)(ग): गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क गावाचा. पेसा कायद्यानेही, १९९६ साली, ही मालकी ग्रामसभेला सांगितली. तरी कितीतरी वर्षे वनखाते बांबूला हात लावू देत नव्हते. मेंढा-लेखा गाव अडून बसले. २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री गावात आले आणि वाहतूक पासाचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिले. मग गावाने स्वतः बांबू विकायला काढला. त्यानंतर तिकडच्या कितीतरी ग्रामसभांनी तेंदूपानाचे लिलाव स्वतः केले. ठेकेदार तेच, पाने तीच. फरक एवढा की विकणारा एकटा राहिला नाही. गाव म्हणून उभा राहिला. बोली गावासमोर लागली, करार ग्रामसभेने केला, मजुरीचा दर ग्रामसभेने लिहिला. घेणाऱ्यांना एकमेकांवर चढावे लागले.

कोणी वकील विचारेल, "तुम्ही सगळे मिळून एक भाव ठरवता, मग ते संगनमत नाही का? स्पर्धा कायदा तुम्हालाही लागेल." उत्तर तयार ठेवा. सामूहिक जंगलाचा मालक एक आहे, ग्रामसभा. एका मालकाने आपल्या मालाचा भाव सांगणे याला कोणी संगनमत म्हणत नाही. भाताचे म्हणाल तर शेतकऱ्यांनी सोसायटी करून एकत्र विकणे ही जगभर मान्य झालेली रीत आहे. अमेरिका म्हणजे मोकळ्या बाजाराचे माहेरघर ना? तिथे १९२२ साली खास कायदा केला, की शेतकऱ्यांनी एकत्र येऊन माल विकला तर त्याला मक्तेदारीचा गुन्हा लावायचा नाही. त्यांना कळले की एकटा शेतकरी आणि मोठी कंपनी यांच्यात चढाओढ होतच नाही. बरोबरी झाली तरच होते.

आमच्या मागण्या

१. हमीभावाखाली खरेदी करणे किमान वेतनाप्रमाणेच गुन्हा ठरवा. सरकारला बांधता, तसे शेठलाही बांधा.

२. खरेदी केंद्र भात निघायच्या आधी उघडा, माणसे भट्टीवर जायच्या आधी. पैसे ठरल्या मुदतीत खात्यावर द्या, उशीर झाला तर व्याज द्या.

३. वनपट्टा, दाव्याची पावती किंवा ग्रामसभेचा दाखला नोंदणीला चालवा. वाट्याने करणाऱ्याला त्याच्या नावाने विकू द्या.

४. एकाधिकार म्हणून विकणाऱ्याचे हात बांधू नका. सरकारने हमीभावाला घ्यायलाच पाहिजे, पण कोणी जास्त देत असेल तर उघड्यावर, पावती देऊन, ग्रामसभेसमोर घेऊ द्या.

५. प्रत्येक आठवडे बाजारात वैधमापनवाल्यांचा तपासलेला काटा ठेवा, लोकांना फुकट वापरता येईल असा.

आणि आपण काय करायचे?

सरकार देईल तेव्हा देईल. तोवर हातावर हात ठेवून बसायचे नाही. प्रत्येक पाड्याने दोन शिकलेली पोरे-पोरी निवडावीत. त्यांनी दर बाजारी भात, उडीद, नागली, वरई, मोहाची फुले यांचे भाव वहीत लिहावेत, दुकान आणि तारीख घालून. तीन बाजारांच्या वह्या शेजारी ठेवल्या की कोण कोणाशी ठरवून वागतो ते आंधळ्यालाही दिसेल. तोच उद्या पुरावा होईल. केंद्र कुठल्या तारखेला उघडले, काटा किती वेळ बंद होता, पैसे कुठल्या दिवशी आले, तेही लिहा. पावतीशिवाय गोणी द्यायची नाही. शेठने पावती नाकारली तर तेही वहीत लिहा. पुढच्या ग्रामसभेत या वह्या मोठ्याने वाचा आणि ठराव करा. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे त्याने यंदा एक तरी वनोपज गाव म्हणून विकायला काढावे, थोडे का असेना.

कणगीतले भात एकट्याने बाजारात नेले की शेठ भाव सांगतो. पाड्याने मिळून नेले की शेठला भाव विचारावा लागतो.

भाव आम्ही सांगू! जमीन आमची, जंगल आमचे, घामाचे मोलही आमचेच!

जिंदाबाद!